भर दुपारचं सुतक

फाल्गुन अजून सरलेला नाही आणि आमच्या गॅलरीचा लोखंडी कठडा आत्ताच हात लावू देत नाही. सोलापूरकराला उन्हाळ्याचं अप्रूप नसतं. घरातल्या तापट म्हाताऱ्यासारखं आम्ही त्याला सांभाळून घेतो; तो ओरडतो, आपण मान खाली घालून ऐकायचं आणि वेळेवर ताक नेऊन द्यायचं. पण अलीकडे हा म्हातारा नुसता ओरडत नाही, अंगावर धावून येतो. तोही चैत्राची वाट न बघता.

अशा दिवसांत मला एका जागी बसवत नाही. लिहायला बसते, उठते, माठातलं पाणी पिते, गॅलरीत जाऊन गल्लीत डोकावते, परत येते. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारतात, "पायाला भिंगरी लागलीय का?" लागलीच आहे. मारिसेलचा निरोप आलाय. मारिसेल समुद्रापलीकडच्या एका बेटावर राहते, सुकवलेले मासे विकते, आणि ऊन-पाऊस बिघडल्यामुळे जगभर जी साधी माणसं होरपळताहेत, बुडताहेत, त्यांना एकमेकांशी जोडून द्यायचं तिला वेड आहे. तिनं लिहिलंय, 'तुमच्या गल्लीत तुम्ही चळवळ कशी उभी केलीत ते पायरी-पायरीनं लिहून पाठव. बाकीच्या गावांना उपयोग होईल.'

पायरी-पायरीनं म्हणे! मी शाळेत इंग्रजी शिकवते. पायऱ्या पाडून सांगायची खोड मला आहेच. पण त्या उन्हाळ्याच्या पायऱ्या काही केल्या सापडत नाहीत. आम्ही चढलो कमी आणि घसरलो जास्त. जे झालं त्यातलं निम्मं चुकून झालं, आणि 'आधी एक चूक करा' असं जगाला कसं लिहून पाठवायचं? म्हणून पायऱ्या बाजूला ठेवते आणि नुसतं आठवते. दोन वर्षं झाली त्या उन्हाळ्याला.

आम्ही राहतो सोलापूरच्या पूर्व भागात. खाली कारखाने, वर माणसं. कारखाना म्हटलं की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे धुराडं येतं. आमच्याकडे कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली दाटीवाटीनं उभे केलेले यंत्रमाग आणि त्यांच्यामधून अंग चोरून फिरणारी माणसं. टॉवेल, चादरी. सकाळी सुरू झालेली खटखट दिवस मावळला तरी चालूच. लग्न होऊन दुधनीहून आले तेव्हा त्या आवाजानं मला वेड लागायची पाळी आली होती. सासूबाई म्हणाल्या, "होईल सवय." झाली, आणि इतकी झाली की माहेरी गेले की शांततेनं झोप उडायची. आमच्या गल्लीत माणसं ओरडून बोलतात ती भांडखोर म्हणून नव्हे. मागाच्या आवाजावर आवाज चढवल्याशिवाय इथे 'चहा घेता का' एवढंही विचारता येत नाही.

दुधनीची दुपार आठवते मला. बारा वाजले की बाजार आपोआप मिटायचा. अडत्यांच्या दुकानांसमोर तुरीची पोती तशीच, राखणीला कुणी नाही, आणि गाद्यांवर घोरणारी माणसं. आम्ही पोरं बाहेर पळायला लागलो की अव्वा, म्हणजे आई, दाराला आडवी व्हायची. "बिसलु भाळ अद," कानडीत म्हणायची, ऊन फार आहे. तेवढं कारण पुरे असायचं. ऊन फार आहे म्हणून थांबायचं, यात कुणाला आळस दिसत नव्हता, कुणाची परवानगी लागत नव्हती. ती साधी गोष्ट आपण कधी विसरलो? वीज आली तेव्हा, की घाई आली तेव्हा? मला सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून चीड येते.

शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मला मारिसेलच्या त्या गटात घातलं होतं. रविवारी संध्याकाळी फोनच्या पडद्यावर छोट्या छोट्या खिडक्या उघडायच्या. एका खिडकीत शेळी मध्येच तोंड घालायची, दुसरीत कुणी स्वेटर घालून शेकत बसलेलं. कुणाची नदी आटलेली, कुणाच्या डोंगराला आग, मारिसेलचं तर घरच एकदा वादळानं नेलेलं. मला विचारलं की मी म्हणायचे, "ऊन." आणि ओशाळायचे. पुराचा फोटो निघतो, आगीचा निघतो. उन्हाचा काय फोटो काढणार? रिकामा रस्ता आणि बंद खिडक्या. बघणाऱ्याला वाटावं, किती शांत गाव आहे!

आमचे हे आतून ओरडायचे, "जग वाचवायला निघालीस ते बरंच आहे, पण आधी मोटर बंद कर. टाकी वाहतेय." आठवड्यात कधीतरी नळाला पाणी येणाऱ्या गावात टाकी वाहू देणं हे मोठं पाप. मी धावायचे. परत येईपर्यंत खिडक्यांमधली माणसं पुढच्या विषयावर गेलेली असायची.

त्याच उन्हाळ्यात आमच्या घराखालच्या कारखान्यात अंबादास पडला. माग चालवता चालवता गुडघ्यात वाकला आणि आडवा झाला. मौलाभाई जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, तिथेच होते. त्यांनी त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणला, नळाला पाणी नव्हतं म्हणून आमच्या टाकीच्या तोटीखाली बसवला आणि एक कोरी चादर भिजवून त्याच्या डोक्यावरून घातली. त्याचे डोळे उघडे होते, पण ते आमच्याकडे बघत नव्हते. त्या कारखान्यात पंखा लावून चालत नाही. कापसाचं तूस उडतं, धागा हलतो. खिडक्या असून नसल्यासारख्या. वर पत्रा. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, पद्माला, स्वच्छ सांगितलं, या वेळी वाचला. पुन्हा असं उन्हात पडला तर माझ्या हातात काही राहणार नाही. दुसरं काम बघा, असंही सांगितलं. अंबादासला दुसरं काम येत नव्हतं, आणि येत असतं तरी त्यानं केलं नसतं. चार दिवस पडून राहिला आणि पुन्हा मागापाशी जाऊन उभा राहिला.

पद्मा त्याच कारखान्यात कांड्या भरते. आडवा धागा ओढत धावणाऱ्या धोट्यात बसवायची ती छोटी दोऱ्याची कांडी. माग ती भराभर खात असतो. ती एका दुपारी जिना चढून वर आली, तिच्या केसांत, भुवयांत पांढरं तूस अडकलेलं.

"बाई, तुमी त्या फोनवर जगातल्या लोकांशी बोलता की," ती म्हणाली. "त्यांना इचारा, तिकडं भर दुपारी काम बंद ठिवत्यात व्हय?"

"विचारते. पण का गं?"

"आमी पहाटे लवकर येतो. ऊन उतरलं की परत बसतो, रात पडेस्तोर करतो. काम तेवढंच. मधली दुपार तेवढी सोडा म्हनावं. ह्यो मानूस मला पायजे, बाई."

शेवटचं वाक्य ती अगदी सरळ आवाजात बोलली. मी तिला ताक दिलं. ती उभ्यानंच प्यायली आणि खाली गेली.

कारखान्याचे मालक श्रीनिवास शेठ. माणूस वाईट नाही; स्वतः पोरवयात माग चालवलेला. ते म्हणाले, "बाई, मला कळत न्हाय असं हाय का? पण मी एकट्यानं बंद ठिवलं तर माल मागनारा शेजारच्याकडं जानार." शेजारचा मालकही हेच म्हणाला. त्याच्या पलीकडचाही. गल्लीतले सगळे तयार होते, फक्त पहिला व्हायला कुणी तयार नव्हता. मला हसू आलं, आणि मग हसूही येईना. कारण रविवारच्या त्या खिडक्यांमध्ये मोठमोठ्या देशांबद्दल आम्ही नेमकं हेच गाऱ्हाणं ऐकत होतो. तू आधी, नाही तू आधी. अख्खी पृथ्वी आमच्या गल्लीएवढीच आहे की काय असं वाटायला लागलं, आणि त्या विचारानं धीर येण्याऐवजी जीव घाबरा झाला.

त्या सुमारास गटात एक बेत शिजत होता. एक दिवस ठरवायचा. त्या दिवशी आपापल्या गावात सूर्य डोक्यावर आला की सगळ्यांनी मिळून आवाज करायचा. घंटा, थाळ्या, ढोल, जे हाताशी असेल ते. सूर्य पुढे सरकेल तसा आवाजही गावागावांतून पुढे सरकत जाईल आणि पृथ्वीभोवती फेरी पुरी करील. मला ते फार आवडलं. मी उत्साहानं खाली जाऊन पद्माला सांगितलं. तिनं कांडी भरता भरता माझ्याकडे पाहिलं, मग मागांकडे पाहिलं, आणि ओरडून म्हणाली, "आवाज? हितं? कोन ऐकनार, बाई?"

खरंच की. आमच्या गल्लीत ढोल वाजवणं म्हणजे समुद्रात घागर ओतणं.

"आवाज बंद करा," पद्मा म्हणाली. "त्यो ऐकू येईल."

ते काम मौलाभाईंनी अंगावर घेतलं. प्रत्येक कारखान्यात त्यांचा पाना फिरलेला, प्रत्येक मालकाच्या अडीअडचणीला ते धावलेले. आधी तेही कुरकुरले. "क्या बाई, आवाजच हमारी रोजी है की. उसकूच बंद करो बोलते?" मग अंबादासकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हौ, एक घंटा. एक घंटे कू कौन नक्को बोलेगा?" एका तासाला खरंच कुणी नाही म्हणालं नाही. तासाभरासाठी कुणालाच पहिलं व्हावं लागणार नव्हतं. सगळ्यांनी एकदमच थांबायचं होतं.

तो दिवस उजाडला. सुट्ट्या लागल्या होत्या, मी सकाळपासून जिन्यात वर-खाली करत होते. बाराला मी फोन कठड्यावर धरून उभी राहिले. पडद्यावर मारिसेल होती; तिच्या गावची मध्यान्ह होऊन गेली होती, त्यांनी चर्चची घंटा आणि होड्यांचे भोंगे वाजवले होते. खाली मौलाभाईंनी हात वर केला. पहिल्या कारखान्यातली खटखट विरळ झाली, थांबली. मग दुसरा, तिसरा. आवाज गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पुसत गेल्यासारखा गेला. मग मला कुठल्याशा घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. कावळ्याचे पंख ऐकू आले. तापलेला पत्रा मध्येच कडकन वाजला. इतक्या वर्षांत मी आमची गल्ली कधी ऐकलीच नव्हती. मी मारिसेलला म्हटलं, "ऐकतेयस ना?" तिनं नुसती मान हलवली.

आणि मग माणसं यायला लागली.

आधी कोपऱ्यावरून एक बाई धावत आली, अनवाणी, त्या डांबरावर. अंबादासची थोरली बहीण. पलीकडच्या गल्लीत राहते. तिच्या मागून तिचे दोन दीर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. मग आणखी बायका, हातात झाकलेली पातेली. कुणी रस्त्यातच हंबरडा फोडला. श्रीनिवास शेठच्या म्हाताऱ्या आई, नरसम्मा, यांना कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. पण त्यांच्या बाजेला मागांची थरथर दिवसभर पोचत असे. ती थांबली तशा त्या भिंत धरत ओट्यावर आल्या आणि मोठ्यांदा तेलुगूत म्हणाल्या, "एवरु पोयिन्रु?"

कोण गेलं?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे गल्लीत मयत झाली की माग बंद करतात. भर दिवसा वीज असताना माग बंद पडण्याला दुसरं कारणच नसतं. गल्लीतल्या प्रत्येकाला ही रीत ठाऊक होती, बहुधा म्हणूनच कुणाच्या मनात आली नाही. आम्ही गल्लीतल्या गल्लीत सगळ्यांना बेत सांगितला होता. पलीकडच्या गल्ल्यांना सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि पलीकडच्या गल्ल्यांनी आमची शांतता ऐकली होती. अंबादास नुकताच पडला होता हे सगळ्यांना माहीत होतं. हिशेब झटकन जुळला होता.

अंबादास कारखान्याच्या दारात उभा. बहिणीनं त्याला पाहिलं, क्षणभर तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना, आणि मग तिनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की मला वर गॅलरीत ऐकू आला. "मेल्या, जित्ता हायस व्हय?" म्हणाली आणि गळ्यात पडून रडायला लागली. गर्दी वाढतच होती. "मग गेलं कोन?" जो तो विचारत होता. मालक एकमेकांकडे बघत होते. मौलाभाई हात वर करून 'कोई नै, कोई नै' म्हणत होते, पण त्यानं कुणाचं समाधान होईना. माग बंद आहेत आणि कुणी मेलेलं नाही, हे कसं?

शेवटी पद्मा पुढे झाली. तिला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. आवाज चिरकत होता.

"अजून कोनी गेलं न्हाय," ती म्हणाली. "म्हनूनच बंद केलंय. गेल्यावर तर करताच की तुमी. ह्यो पडला तवा कुनी माग बंद केला व्हता? मेला असता तर केला असता. मी म्हनते, मरायच्या आदी करा."

मला खाली जायचं भानही नव्हतं. मी फोन तसाच हातात घट्ट धरून उभी, आणि मारिसेल पलीकडून विचारत होती, "काय म्हणाली ती? सांग ना, काय म्हणाली?" मी तिला नंतर सांगते म्हटलं.

पण नुसत्या चांगल्या बोलण्यानं माणसं बदलतात यावर माझा विश्वास नाही, आणि त्या दुपारी तसं झालंही नाही. उलट कुजबूज सुरू झाली, अपशकुन केला म्हणून. जिवंत माणसाचं सुतक धरलं! श्रीनिवास शेठ घामाघूम होऊन म्हणाले, "चला, झाला तास. सुरू करा." तेवढ्यात नरसम्मांनी काठी आपटली. त्यांचं म्हणणं त्यांच्या मुलानंच मग आम्हाला मराठीतून सांगितलं, तेही चेहरा पाडून. मयताच्या घरी आणलेलं अन्न माघारी नेत नाहीत. आणि सुतक चुकून धरलं असलं तरी धरलं ते धरलं. अर्ध्यात सोडलं तर ज्याचं धरलं त्याला ते भोवतं. सुतक भर दुपारी धरलं, तर तिसऱ्या दिवशी पक्ष्याला घास ठेवेपर्यंत सूर्य माथ्यावर असताना माग चालणार नाही.

आईपुढे शेठचं काय चालणार? आणि शेठचा माग बंद म्हणजे बाकीचे मालकही बंद, कारण उद्या खरंच कुणाला काही झालं तर तो दोष कुणाला घ्यायचा होता? पिठलं, भाकरी, आमटी, भात, सगळी पातेली कारखान्याच्या सावलीतल्या कट्ट्यावर मांडली गेली. कुणासाठी रडायचं हे ठरलेलं नसलेली ती पंगत मी कधी विसरणार नाही. अंबादासला सगळ्यांनी आग्रह करकरून वाढलं. कुणीतरी म्हणालं, "स्वतःच्या मयताचं जेवान जेवायला नशीब लागतं, गड्या." हशा पिकला. जेवून माणसं तिथंच आडवी झाली. ऊन कलेपर्यंत गल्लीत फक्त घोरणं होतं. मला एकदम दुधनी आठवली.

मारिसेलचा निरोप त्याच संध्याकाळी आला: 'तुमच्याकडे केवढी माणसं आली! सगळ्या गावांमध्ये सर्वांत जास्त!' तिनं चित्रफीत सगळ्यांना दाखवलीही होती. मला घरात बसवेना. जगभरची माणसं एका गैरसमजाला टाळ्या वाजवत होती. मी तिला सगळं खरं लिहिलं. तिनं फोन केला आणि आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "आमच्याकडे वादळाची घंटा वाजली तर लोक खिडकीतून बघतात. मयताची वाजली तर धावत येतात. मला हे कधी सुचलं नाही."

तिला त्यात युक्ती दिसली. मला भीती वाटली. गेलेल्या माणसासाठी पातेली घेऊन अनवाणी धावणारी आपण माणसं. त्याच माणसाला रोज भट्टीत उभं राहिलेलं बघतो तेव्हा आपले पाय कुठे जातात? मीसुद्धा वर घरात पंख्याखाली बसूनच इतकी वर्षं ती खटखट ऐकली की.

तिसऱ्या दिवशी नरसम्मांनी गच्चीच्या कठड्यावर घास ठेवला. आम्ही सगळे जिन्याच्या सावलीत. कावळा येईना. असल्या उन्हात कोण पक्षी बाहेर पडतो? बराच वेळ गेला. मग म्हातारीनं घास उचलला, पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत नेऊन ठेवला आणि शेजारी वाटीत पाणी ठेवलं. थोड्या वेळानं एक कावळा चोच वासून आला. आधी पाणी प्यायला, मग घासाला शिवला. श्रीनिवास शेठ शेजारी उभे होते. खाली उतरताना ते म्हणाले, "तीन दिवस पहाटे आन् संध्याकाळी चालवलं. माल तेवढाच निघाला की." आणि पुढे म्हणाले, "मृगापतोर असंच ठिवू." बाकीच्यांनी विरोध केला नाही. पहिला कोण, हा प्रश्नच उरला नव्हता. सुतकात पहिलं कुणी नसतं, सगळ्यांनाच ते एकदम लागतं.

इथे गोष्ट संपली असती तर मारिसेलला पाठवायला किती सोपं झालं असतं!

दुपारच्या शांततेची गल्लीला सवय व्हायला लागली. पोरं कारखान्याच्या बोळात पत्ते खेळायला लागली. आणि अंबादासला सगळे 'मयत' म्हणायला लागले. चेष्टाच ती, आमच्याकडे चेष्टेला तोटा नाही. "काय मयत, चा घेनार का?" "मयताला पान द्या एक." तोही हसायचा. मग हसेनासा झाला. मला ते दिसत होतं, पण मी मारिसेलच्या बैठकांत गुंतले होते. नवी गावं जोडली जात होती, आणि आमची गोष्ट सांगायला तिला मीच हवी असायचे.

अशाच एका दुपारी तिनं मला नव्या गावांसमोर बसवलं. मी रंगून सांगत होते. म्हटलं, आत्ता आमच्याकडे भर दुपार आहे, आणि आमच्या गल्लीत एकही माग चालू नाही, ऐका! फोन गॅलरीबाहेर धरला.

खट. खट. खट. खट.

एकच माग. खालून, आमच्याच कारखान्यातून. मी फोन गॅलरीतच टाकला आणि जिना उतरले.

आत पाऊल टाकताच गरम हवा तोंडावर आली. अंबादास एकटा, उघडा, मागापाशी. पाठीवरून घाम ओघळत होता आणि डोळे लाल. पद्मा दारात उभी होती. तिचा त्याला थांबवण्याचा प्रयत्न करून झाला असावा.

"बंद कर रे," मी ओरडले.

"काय म्हनून बंद करू?" तो माझ्याकडे न बघता ओरडला. "सगळी गल्ली माझ्यापायी बंद! मी काय मेलोय? धा मान्सांत मी एकलाच कच्चा? जित्तेपनी सुतक लावलं माझं, आन् आता म्हनतात हस!"

जगभरच्या खिडक्यांमध्ये बोलून बोलून कमावलेलं माझं सगळं शहाणपण त्या दारात संपलं. पद्मानं मात्र वाद घातला नाही. ती आत आली, भिंतीशी ठेवलेली कांड्यांची टोपली ओढली आणि त्याच्या मागाला लागून जमिनीवर बसली.

"चालव," ती म्हणाली. "माग चालला तर कांड्या लागतीलच की."

आणि भरायला लागली. अंबादास तिच्याकडे बघत राहिला. माग चालतच होता. मी एका सुताच्या गाठोड्यावर टेकले, दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. मौलाभाई आले, आतलं पाहिलं, पाना खाली ठेवला आणि उंबऱ्याशी बसले. मग भिंत धरत नरसम्मा आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाजेला थरथर लागली असणार. त्यांनी खालीच बसकण मारली आणि पदरानं वारा घ्यायला लागल्या. माझ्या कानशिलांत ठोके पडायला लागले, डोळ्यांपुढे बारीक काजवे. ही माणसं इथं दिवस दिवस उभी असतात हे मला माहीत होतं. आत बसून ते पहिल्यांदा कळत होतं.

"उठा बाई," अंबादास म्हणाला. आवाज खाली आला होता. "तुमाला सवय न्हाय ह्याची."

"सवय कुनालाच न्हाय," पद्मा कांडीवरून डोळे न उचलता म्हणाली. "तुला बी न्हाय."

तो आमच्याकडे एकेकाकडे बघत गेला. नरसम्मांपाशी थांबला. म्हातारीची मान छातीवर यायला लागली होती, तरी पदराचा हात हलत होता. त्यानं खटका ओढला. माग आणखी दोनदा वाजला आणि थांबला. मग त्यानं वाकून म्हातारीला दोन्ही हातांनी उचललं, तान्ह्या पोराला उचलावं तसं, आणि बाहेर सावलीत घेऊन गेला. मागोमाग मौलाभाई गेले, मी उंबऱ्यापाशी थांबले.

पद्मा उठली नाही. हातातली कांडी अर्धी झाली होती. ती तिनं पुरी भरली, टोपलीत ठेवली, आणि मग तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. त्या सबंध उन्हाळ्यात, आणि त्याच्या पुढच्याही, तिला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.